ट्यूबलेस चाकासाठी काटकोनी धातूचे व्हॉल्व्ह: उपयोगाचे, पण डोळसपणे घ्यावेत असे

मोटरसायकलच्या ट्यूबलेस चाकाला कारखान्यातून येणारा सरळ रबरी व्हॉल्व्ह काढून त्या जागी बसवायचे, काटकोनात वळलेले अ‍ॅल्युमिनियमचे व्हॉल्व्ह आता सर्रास मिळतात. लाल, निळा, सोनेरी, काळा अशा रंगांत ते जोडीने विकले जातात आणि दुकानात त्यांची जागा बहुधा हँडलच्या ग्रिप, रंगीत नट आणि टाकीवरच्या स्टिकरांच्या शेजारी, म्हणजे हौसेच्या वस्तूंत असते. मला ही मांडणी पटत नाही. माझ्या दीडशे सीसीच्या, 17 इंची अलॉय चाकांच्या मोटरसायकलला अशी काळी जोडी बसवून एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला आहे. तेवढ्या वापरानंतर माझे मत असे की, वस्तू उपयोगाची आहे, तिची खरी परीक्षा रिमच्या आत दडलेल्या भागात आहे आणि डब्यासोबत येणाऱ्या टोप्या पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवाव्यात.

जोडी ऑनलाइन मागवली होती आणि तिला चारशे रुपयांच्या आतबाहेर खर्च आला. पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानांतही साधारण अशाच वस्तू मिळतात, आणि तिथे निदान हातात घेऊन पाहता येते. हा मुद्दा किरकोळ वाटला तरी पुढे भोकाच्या मापाचा विषय येईल तेव्हा त्याचे महत्त्व लक्षात येईल.

मुळात सरळ रबरी व्हॉल्व्हचे दुखणे काय आहे, ते आधी पाहू. मागच्या चाकात एका बाजूला स्प्रॉकेट (दातेरी चक्र) आणि साखळी, दुसऱ्या बाजूला ब्रेकची डिस्क किंवा ड्रम, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत हबकडे, म्हणजे चाकाच्या मध्याकडे, तोंड करून उभा असलेला व्हॉल्व्ह. पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, तशी ती देणे पंपचालकावर बंधनकारकही आहे, परंतु तिथल्या पाइपच्या टोकाचा पितळी कनेक्टर लांब आणि ताठ असल्यामुळे तो या जागेत सरळ बसतच नाही. मग हवा भरणारा मुलगा व्हॉल्व्ह अंगठ्याने बाजूला वाकवतो, कनेक्टर तिरपा दाबतो, अर्धी हवा फुसफुसत बाहेर जाते आणि गेजवरचा आकडा कितपत खरा धरायचा हे कळेनासे होते. दर पंधरवड्याला असे वाकवणे झाले की त्याचा सगळा ताण रबरी व्हॉल्व्हच्या मानेवर, म्हणजे रिमच्या भोकातून तो जिथे बाहेर येतो त्या जागी येतो. व्हॉल्व्ह चिरतो तो बहुतेक वेळा तिथेच.

या चिरा सहजासहजी दिसत नाहीत. व्हॉल्व्ह सरळ उभा असताना रबर निर्दोष वाटते; बोटाने हलकेच बाजूला वाकवला की मानेभोवती एकमेकींना समांतर अशा बारीक रेषा उघडतात. हवेतला ओझोन ताणाखाली असलेल्या रबराला अशाच चिरा पाडतो आणि त्याला आळा घालण्यासाठी रबराच्या मिश्रणात ओझोनरोधक द्रव्ये घालावी लागतात. 2008 मध्ये अमेरिकेत चिनी बनावटीचे लाखो रबरी व्हॉल्व्ह याच प्रकारच्या चिरांमुळे परत बोलवावे लागले होते. ते मोटारींचे होते, पण तत्त्व तेच. आपल्याकडे त्यात आणखी एका गोष्टीची भर पडते. घरच्या घरी साखळी धुण्यासाठी रॉकेल किंवा डिझेल वापरण्याची पद्धत जुनी आहे; त्याचे शिंतोडे मागच्या व्हॉल्व्हवर उडतात आणि तेलकट द्रव शोषून रबर फुगते, मऊ पडते. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह ठणठणीत आणि मागचा मात्र चिरलेला, असे चित्र दिसले तर वाकवणे आणि रॉकेल या दोन्ही गोष्टी आठवाव्यात.

धातूचा काटकोनी व्हॉल्व्ह यातले वाकवणे मुळातच बंद करतो. त्याचे तोंड चाकाच्या बाजूला वळलेले असते, कनेक्टर समोरून सरळ बसतो, आणि मोटरसायकल कशीही उभी असली तरी चाक थोडे पुढेमागे केले की काम भागते. खरेदीचे मुख्य कारण हेच असावे. दुसरे कारण थोडे तांत्रिक आहे, पण ते सांगितल्यावाचून राहवत नाही. 1893 च्या अमेरिकी पेटंटपासून वाढत आलेल्या या श्रेडर पद्धतीच्या व्हॉल्व्हच्या पोटात एक बारीक पिन असते. ती दाबली की मार्ग उघडतो, सोडली की स्प्रिंग आणि टायरमधली हवा मिळून तो बंद करतात. सरळ व्हॉल्व्हमध्ये ही पिन हबकडून टायरच्या दिशेने दाबली जाते. चाक वेगाने फिरू लागले की पिनवरचा बाहेरचा ओढाही नेमका त्याच, म्हणजे उघडण्याच्या दिशेने असतो. नेहमीच्या वेगात स्प्रिंग आणि हवा त्याला पुरून उरतात आणि आत रबरी वॉशर असलेली टोपी हा त्यावरचा दुसरा पहारा असतो. काटकोनी व्हॉल्व्हमध्ये पिन आसाला समांतर आडवी असल्याने हा ओढा तिला उघडू शकत नाही. शहरातल्या वापरात या फायद्याचा अनुभव येईल असे मी म्हणणार नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना मुळात बंदीच आहे. पण रचना म्हणून ती अधिक बरोबर आहे, एवढे नक्की.

आता प्रत्यक्ष वस्तूविषयी. डब्यात दोन व्हॉल्व्ह, प्रत्येकी एक जाड रबरी वॉशर, एक पातळ धातूचा वॉशर, एक नट आणि एक टोपी असा ऐवज होता. व्हॉल्व्हचे अंग एकसंध आहे, कोपऱ्यावर जोड नाही, आणि आट्या स्वच्छ कापलेल्या आहेत. टोपी बोटाने फिरवली तर कुठे अडकत नाही. रंगाचा थर पावसाळ्यानंतर तोंडाजवळ, जिथे कनेक्टर घासतो तिथे, गेलेला आहे, त्याची तक्रार नाही. आतली पिन, म्हणजे आट्यांनी बसणारा तो सगळा सुटा भाग, मात्र मी बसवण्याआधीच काढून पाहिली. ती साधी पिवळी पितळी निघाली, आणि माझी पहिली हरकत इथे आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत उघडे पितळ आणि त्यात पाणी शिरले की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते, पांढरी भुकटी साचते आणि कालांतराने पिन जागेवर अशी धरून बसते की काढताना तुटते. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला निकेलचा मुलामा दिलेली, दिसायला चंदेरी पिन लावायची असते. तिची किंमत नगण्य असते आणि श्रेडर पद्धतीच्या पिनेच्या आट्या प्रमाणित असल्यामुळे मोटारीच्या टायरसाठी मिळणारी पिन दुचाकीलाही चालते. चारशे रुपयांच्या वस्तूत विक्रेत्याने इथे हात आखडता घ्यायला नको होता.

डब्यातल्या टोप्यांबद्दल तर याहून कठोर बोलावे लागेल. त्या व्हॉल्व्हच्याच रंगाच्या, धातूच्या, षट्कोनी आणि देखण्या आहेत, पण आतून साफ पोकळ आहेत. रबरी वॉशरचा मागमूस नाही. म्हणजे त्या धूळ अडवतील, हवा अडवणार नाहीत. शिवाय धातूवर धातू घट्ट बसला आणि मध्ये पावसाचे पाणी अडकले की टोपी गोठते, मग पक्कड लावून फिरवावी तर टोपीऐवजी आतला व्हॉल्व्हच फिरतो. मी त्यांच्या जागी आत रबरी चकती असलेल्या काळ्या प्लास्टिकच्या टोप्या लावल्या आहेत. नायट्रोजन भरल्यावर मिळणारी हिरवी टोपीही चालेल, मात्र आत चकती आहे की नाही ते नखाने चाचपून पाहावे. रंग हिरवा असल्याने ती जास्त हवाबंद होत नाही.

भोकाच्या मापाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, आणि विक्रीच्या पानावर नेमका तोच गाळलेला होता. मोटरसायकलसाठीचे धातूचे व्हॉल्व्ह मुख्यतः दोन मापांत येतात, 8.3 मिलिमीटर आणि 11.3 मिलिमीटर. टीआर 412, 413 या क्रमांकांचे नेहमीचे रबरी व्हॉल्व्ह साडेअकरा मिलिमीटरच्या आसपासच्या भोकासाठी असतात, त्यामुळे असा व्हॉल्व्ह असलेल्या रिमला यांतले मोठे माप लागते. लहान मापाचा व्हॉल्व्ह मोठ्या भोकात बसतो, नटही आवळला जातो आणि वरवर पाहता सगळे ठीक दिसते. पण तो भोकाच्या मधोमध न राहता एका कडेला सरकतो, आतल्या रबरी वॉशरचा एका बाजूचा काठ भोकावर अपुरा टेकतो आणि हवा दोन-तीन दिवसांत उतरते. ‘सर्व मोटरसायकलींना चालेल’ असे लिहिलेले दिसले तर माप विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. माझी जोडी मोठ्या मापाची निघाली; तिच्या बुडाशी भोकात बरोबर बसणारा छोटा उंचवटा आहे आणि त्यामुळे ती मध्यभागी राहते. माप घ्यायचे व्हर्नियर नसेल तर जुन्या व्हॉल्व्हच्या बुडावरचा क्रमांक वाचावा, पण त्यासाठी टायर उघडावा लागतो.

म्हणूनच हे काम टायर बदलतानाच करावे. निव्वळ व्हॉल्व्हसाठी चांगला बसलेला टायर रिमवरून उतरवायचा, तर दोन्ही चाकांची मजुरी जवळपास व्हॉल्व्हच्या किमतीएवढी होते आणि अलॉयच्या काठावर टायर उतरवायच्या पट्टीचे ओरखडे पडण्याचा धोका वेगळाच. उलट नवा टायर टाकताना जुना रबरी व्हॉल्व्ह तसाच ठेवणे हा खोटा काटकसरीपणा आहे. टायर झिजेपर्यंत त्या रबराने जितकी वर्षे काढली, तितकीच आणखी काढायची अपेक्षा त्याच्याकडून करायची, आणि तेही पन्नासेक रुपयांसाठी. आपल्या दुकानांतून ‘चांगला आहे, राहू द्या’ असा सल्ला सहज मिळतो. तो नम्रपणे नाकारावा.

ज्यांनी माझे टायर बदलले त्या कारागिराने एक गोष्ट न सांगता केली, म्हणून तिची नोंद करतो. जुना व्हॉल्व्ह कापून काढल्यावर त्याने रिमच्या भोकाची आतली कड बारीक पॉलिश पेपरने साफ केली, बोट फिरवून खरखर राहिली नाही ना ते पाहिले आणि मगच व्हॉल्व्ह आत घातला. “साहेब, वायसर आतूनच लागतं, बाहेरून लावलं की हवा थांबत नाही,” एवढेच तो म्हणाला. रबरी वॉशर रिमच्या आतल्या बाजूला, धातूचा वॉशर आणि नट बाहेरच्या बाजूला, हा क्रम पक्का लक्षात ठेवावा. नट आवळताना व्हॉल्व्हचे तोंड हाताने धरून ठेवावे लागते, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो आणि आतला वॉशर चुरगळतो. जोर बेताचा हवा. अ‍ॅल्युमिनियमच्या आट्या मऊ असतात आणि लांब दांड्याच्या पान्याने त्या क्षणात खराब होतात. पुढच्या चाकात तोंड डिस्कच्या विरुद्ध बाजूला ठेवले, मागच्या चाकात साखळी नसलेल्या बाजूला. त्यानंतर चाक हाताने संपूर्ण फिरवून व्हॉल्व्हचे टोक आणि कॅलिपर, म्हणजे डिस्कला पकडणारा ब्रेकचा भाग, यांच्यात किती अंतर राहते ते पाहिले. ही पायरी कुणीही गाळू नये, विशेषतः पुढे दोन डिस्क असतील तर.

धातूचा व्हॉल्व्ह रबरीपेक्षा काही ग्रॅम जड असतो. चाके बॅलन्स करून घेण्याची सोय असेल तर व्हॉल्व्ह बसवल्यानंतर करून घ्यावीत. मला शहराच्या वेगात थरथर जाणवलेली नाही.

टोपीच्या जागी लावायचे हवेचा दाब दाखवणारे सेन्सर ज्यांना वापरायचे आहेत, त्यांच्यासाठी मात्र धातूचा व्हॉल्व्ह हा हौसेचा नव्हे, गरजेचा भाग आहे. हिशेब सोपा आहे. 17 इंची चाकात व्हॉल्व्हचे टोक आसापासून साधारण 18 सेंटिमीटरवर असते. ताशी 100 किलोमीटर वेगात तिथला ओढा गुरुत्वाकर्षणाच्या दीडशे पटींच्या घरात जातो, म्हणजे दहा ग्रॅमचा सेन्सर दीड किलो वजनासारखा खेचू लागतो. रबरी व्हॉल्व्ह जरा जरी तिरपा असेल तर एवढ्या भाराने तो फेरीगणिक वाकणार. नाकापेक्षा मोती जड, अशातला हा प्रकार. काटकोनी धातूचा व्हॉल्व्ह हा भार सोसतो, परंतु आडव्या भुजेच्या टोकाशी असलेले हे वजन नटाला सैल करण्याचाही प्रयत्न करत असते. सेन्सर लावला तर नट जास्त वेळा तपासावा आणि सेन्सर शक्य तितका हलका निवडावा.

देखभाल म्हणून फारसे काही लागत नाही, पण जे लागते ते नियमित व्हायला हवे. महिन्यातून एकदा टोपी काढून तोंडावर साबणाचे पाणी सोडावे. पंक्चरवाले थुंकी लावून पाहतात, त्यामागची कल्पना हीच. मधोमध बुडबुडा फुगला तर पिन सैल आहे किंवा तिच्या सीलवर कचरा आहे. पिन काढायच्या छोट्या पान्याने ती बोटांच्या जोरावर थोडीशी आवळावी, तरीही बुडबुडा येत असेल तर नवी टाकावी. पिन काढताना सगळी हवा जाते आणि ट्यूबलेस टायर रिमच्या कडेवरून सुटूही शकतो, म्हणून हे काम कंप्रेसर जवळ असतानाच करावे. बुडबुडे बुडाशी, नटाभोवती दिसले तर दोष आतल्या वॉशरचा आहे. तिथे नट आवळत बसून उपयोग नाही, वॉशर बदलावा लागतो. दोन्हीकडे काही नसेल आणि तरी हवा उतरत असेल तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे, खिळा किंवा रिमची कड शोधावी. आणि पहाटेच्या थंडीत दाब कमी दाखवला म्हणून लगेच संशय घेऊ नये: 30 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) दाबाच्या टायरमध्ये तापमान दहा अंशांनी उतरले की सुमारे दीड पीएसआय आपोआप कमी होतो. पुण्याच्या डिसेंबरमध्ये दुपार आणि पहाट यांत याहून मोठा फरक पडतो.

धातूच्या व्हॉल्व्हची स्वतःची एक तपासणी आहे, ती म्हणजे त्याला दोन बोटांत धरून फिरवून पाहणे. तो तसूभरही हलता कामा नये. पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या मागच्या व्हॉल्व्हचा नट किंचित सैल लागला होता; हवा उतरलेली नव्हती, पण तसाच राहिला असता तर तोंड हळूहळू फिरून स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या, दिशेने गेले असते. नव्या रबरी वॉशरचे दाबून बसणे हे याचे कारण असावे, कारण एकदा आवळल्यावर तो पुन्हा सैल झालेला नाही.

हे व्हॉल्व्ह सर्वांसाठी नाहीत, हेही सांगायला हवे. स्पोकच्या रिमची, ट्यूबवाली मोटरसायकल असेल तर व्हॉल्व्ह ट्यूबलाच जोडलेला असतो आणि त्याच्या जागी हा बसवण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे पाहण्याची गोष्ट वेगळी आहे. ट्यूबचा व्हॉल्व्ह रिममधून तिरपा बाहेर आलेला दिसला तर टायर रिमवर सरकतो आहे आणि ट्यूबला सोबत ओढतो आहे असे समजावे. अशा वेळी व्हॉल्व्हवरचा नट रिमला घट्ट आवळलेला असेल तर ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. तो नट सैल ठेवून टोपीच्या बाजूला नेऊन ठेवण्याची जुन्या मेकॅनिकांची सवय त्यासाठीच आहे.

कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी रंगीत अ‍ॅल्युमिनियमची जोडी घेण्याआधी पितळी, निकेलचा मुलामा दिलेल्या काटकोनी व्हॉल्व्हची चौकशी करावी, असे मी सुचवीन. ती थोडी महाग आणि जड असते, रंगाची निवड नसते आणि शोधावीही लागते, पण खारट हवेत पितळी पिन पितळी नळीत निर्धास्त राहते. घाटावर राहणाऱ्यांना अ‍ॅल्युमिनियमची चालेल, पिन बदलण्याच्या अटीवर. पितळी घेताना कॅलिपरपासूनचे अंतर मात्र पुन्हा मोजावे, कारण काही पितळी व्हॉल्व्हची आडवी भुजा अ‍ॅल्युमिनियमच्यापेक्षा लांब असते आणि दोन-तीन मिलिमीटरचाही तिथे फरक पडतो.